देव्हाऱ्यातलं पुस्तक

अंबाडी नाक्यावरच्या गॅरेजात स्कूटरची वाट बघत बसलेल्या रीमाने मोबाइल केव्हाच पर्समध्ये टाकला होता. समोर गोदामवाले चांगदेवशेठ आणि मिस्त्री दीपेश यांची शेठच्या कारवरून जुंपली होती.

"इंजिनच डुप्लिकेट हाय! वर्षभरात निळा धूर?"

"तेल कोणतं घातलंत, शेठ?"

"घरचं."

"घाण्यावर काढता का?"

"पिंप हाय घरी. टेम्पोला तेच, ट्रॅक्टरला तेच. बारा वर्षांत ट्रॅक्टरनं तक्रार केली न्हाय."

"ट्रॅक्टर गरीब स्वभावाचा. हे एक लिटरचं टर्बो इंजिन. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखावर फेरे मारतो, त्याला पातळ तेल लागतं. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक देव्हाऱ्यात हाय."

"देव्हाऱ्यात?"

"गाडीची पूजा केली तवा त्यालापण हळदकुंकू वाहिलं."

"वाचलं नाही?"

"पूजेतलं पुस्तक कोण वाचतं?"

"खरंय. टर्बोने मात्र मनोभावे प्राण सोडलाय. नवा यायला आठ दिवस."

"आठ? जाऊ दे, तवर जावयाची गाडी फिरवीन. डिट्टो हीच हाय, लग्नात मीच दिली."

"त्यांचं तेल तरी कंपनीचं आहे ना?"

"जावयाला बाहेरचं घालू देईन का मी?" चांगदेवशेठ खुर्चीत ताठ बसले. "गेल्या महिन्यात सोता ओतलं. आपल्या हातानं."

दीपेशने कानावरचं पेन काढलं, ऑर्डरच्या कागदावरच्या 'टर्बो – १' मधला '१' खोडला आणि शेजारी '२' लिहिला.