निवेदकाचा भरवसा

न्हाई, तुमीच सांगा, वाचनाची चाचणी हाय तर पोरीनं धडा वाचावा का बापाला? तुमाला सांगतो, आमची ब्राह्मी आठवीत, मी कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर; दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताटावर बसतोय, तवर ही वही घिऊन हजर. "पप्पा, माझी उजळणी घ्या." उजळणी म्हंजी पाढे, एवढंच मला म्हाईत! वही उघडली तर... निवेदक म्हंजी गोष्ट सांगणारा, त्यो खरं बोलतो का, त्याचा भरवसा कितपत... मला तवाच संशय आला हुता.

"पूर्वसूचना म्हंजी पुढं काय घडणार त्याची आधीच लागलेली चाहूल. उदाहरण द्या पप्पा." मी काय देणार? मी भात कालवला. तर ही माझ्या शर्टाकडं बघत्या. "खिशापाशी पिवळा डाग हाय." म्हटलं, मशीनचं ऑइल असंल. "ऑइलात मोहरी नसती, पप्पा."

आता ह्यातली गोम सांगतो. चातुर्मासात मी बटाटा सोडलाय. देवळात, चार माणसांत, हात जोडून नेम घेतलाय. आमची चंदनबाला गल्लीभर सांगत सुटली, "आमचे हे बटाट्याकडं ढुंकून बघत न्हाईत." लग्नाला सतरा वर्सं झाली, पर एवढा मान मला घरात कवा मिळाला नव्हता...

तर पुढचं पान, माहितीची साधनं. "आई सांगती ते दुय्यम साधन. ज्यानं सोता डोळ्यांनी बघितलं त्यो माणूस, ते प्राथमिक." मला तवाच संशय आला हुता, पर तोंडात घास! तवर हिनं लावला की फोन, माझ्या शेजारच्या मशीनवरल्या मानसिंगला. "काका, अभ्यासाला पायजे, पप्पा दुपारी काय खात्यात?" मानसिंग सरळ माणूस, अभ्यास म्हटल्यावर खोटं कसं बोलंल? फोन स्पीकरवर... "तवनाप्पा व्हय? रोज गाड्यावर दोन बटाटवडे. शनवारी तीन. किती मार्काला हाय गं बाळ?"

चंदनबाला फुडं आली. ताटातला लाडू तेवढा उचलून न्हेला. खरं सांगू, लय लाज वाटली.

म्हटलं, मिटलं. काल पेपर आला घरी. "भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक उदाहरणासह स्पष्ट करा." उत्तरात माझं नाव, वड्यांच्या आकड्यासकट! पाचपैकी पाच. खाली बाईंचा शेरा, "उदाहरण पुराव्यासह. उत्तम. पालकांची सही आणावी."

पालक कोण? मीच की. केली मुकाट्यानं सही... तर मागनं चंदनबाला म्हणती, "ब्राह्मी, सही तरी खरी हाय का बघ गं."