गढटाकळीच्या माळवदातून पडलेले वकील

माझे नाव धुरपदाबाई भ्रतार आश्रुबा. वय पन्नासच्या पुढे. साठ लिहिले आहे ते जमादारांच्या अंदाजाने. धंदा शेती. राहणार मौजे गढटाकळी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. महिना तीर, म्हणजे आमचा जेठ, निजामी सन १३५० फसली. विचारल्यावरून ठाण्यात समक्ष सांगते ती हकीकत अशी.

माझा मुलगा वैजीनाथ कालपासून इथल्या हवालातीत आहे. परभणीचे वकील किशनराव यांना त्याने मारहाण केली, अशी त्यांची फिर्याद आहे. ती खोटी आहे. त्याला सोडवायला मी आले आहे.

आमची वस्ती टेकडीवर आहे. जुन्या लढाईच्या काळात तिथे तट आणि बुरूज होते. लढणारे निघून गेले, दगड राहिले. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून लोकांनी त्या दगडांची घरे बांधली. बुरुजाची पांढरी माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, घातली की घर गळत नाही, म्हणून दरसाल थोडी थोडी करत तीही गेली. माझे घर तटाच्या पोटात खणून काढलेले आहे. पुढून ते घर दिसते, पण टेकडीच्या अंगाने येणाऱ्याला माळवद म्हणजे सपाट जमीनच वाटते. गावातले ढोरसुद्धा त्यावर पाय ठेवत नाही. वकिलांना निदान तेवढी अक्कल असेल असे मला वाटले होते.

काल सकाळी किशनराव आपला नोकर भुजंग याला घेऊन आले. भुजंगाच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पहार होती. आपले पणजोबा इथले किल्लेदार होते, त्यांचा बुरूज शोधायचा आहे, असे ते दारोदार सांगत फिरले. भिंतींना हात लावून "हा दगड आमचा" म्हणत होते. कस्तुराबाईच्या गोठ्याच्या एका दगडाला त्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्या दगडावर ती गोवऱ्या थापते. माणूस बुटातला होता म्हणून तोंडावर कुणी हसले नाही.

मी घरात जोंधळे पाखडत होते. वरून माती पडायला लागली. धुराड्यावर मी फुटके मडके पालथे घातले होते, ते कुणीतरी उचलले. भोकातून किशनरावांचा आवाज आला, "भुजंग, ही बघ जंगी! यातून बंदुका चालायच्या. खाली दारूकोठार असणार." भोक सरळ आभाळाकडे आहे. आभाळावर बंदुका चालवणारे किल्लेदार त्यांच्याच घराण्यात झाले असतील.

मी ओरडले, "अवो, खाली मानसं हायत! आमचं माळवद हाय ते, हटा तिथून!"

भुजंग म्हणाला, "मालक, खालून बाई वरडायलीय."

किशनराव म्हणाले, "जुन्या जागेत असे भास होतात. मार पहार."

भुजंगाने मारली नाही. किशनरावांनी पहार हिसकावून स्वतः मारली. माळवद, लाकडे आणि वकील एकदमच खाली आले.

ते जोंधळ्याच्या राशीवर पडले म्हणून वाचले. वैजीनाथ शेतातून धावत आला. त्याने त्यांच्या अंगावरचे लाकूड उचलले, त्यांना धरून बसवले, पाणी दिले. माझे मडके त्यांनी आधीच जुनी वस्तू म्हणून रुमालात बांधून कमरेला लावले होते, त्याची खापरे झाली. तेवढ्यासाठी मात्र ते हळहळले. फुटण्याआधी त्यात मी राख ठेवत असे.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या बुरुजात तुम्ही कुणाच्या परवानगीने घुसलात? सगळी टेकडी मोकळी करून घेतो." पावसाळा तोंडावर आलेला, माझ्या डोक्यावर आभाळ, आणि हा माणूस माझ्या तांब्यातले पाणी पिऊन मलाच निघ म्हणतो. मला त्यांची किळस आली.

वैजीनाथने काठी कुठून आणली, असे जमादार विचारतात. काठी नव्हतीच. माळवद चोपायचे लाकडी चोपणे होते आणि ते माझ्या हातात होते. किशनरावांच्या पाठीत मी मारले. वैजीनाथने "आये, बस कर" म्हणून माझा हात धरला, एवढाच त्याचा गुन्हा आहे. भुजंग दारात उभा होता, त्याला विचारावे. त्याने मला अडवले नाही. म्हातारीचा मार खाल्ला असे सांगायची वकिलांना लाज वाटली, म्हणून त्यांनी माझ्या पोराचे नाव घातले. त्याला घरी जाऊ द्या, छप्पर घालायचे आहे. त्याच्या जागी मला ठेवायचे तर ठेवा.

जमादारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. "एक वेळ मारले" असे लिहिले होते तेवढे चुकीचे होते. माझ्या सांगण्यावरून तिथे "दोन वेळ" अशी दुरुस्ती झाली, मग मी अंगठा दिला.