ओढा गप्प झाला

"हॅलो?… हो, बोल गं… तुटक येतंय, मोठ्यानं बोल. इथे पत्र्यावर पाऊस नुसता बडवतोय."

वनपालबाई डोंगरमाथ्यावरच्या चौकीत एका कानात बोट घालून उभ्या होत्या. फोन धाकट्या बहिणीचा होता. तिचं घर खाली, ओढ्याच्या काठाला. घरावरचा अख्खा उतार तिच्या नवऱ्यानं गेल्या वर्षी कंत्राटदाराला झाडतोडीला दिला, त्यावरून बाईंचं आणि त्याचं कडाक्याचं वाजलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

"सकाळीच सांगितलं ना, घर सोडा म्हणून?… हो, हो, सासूबाईंचा गुडघा, माहितीये… अगं ऐक ना… बरं, तू बोल आधी… ओढा उतरला? पाऊस थांबला का तिकडे?… नाही? मग उतरला कसा?… आवाजच बंद?"

भर पावसात ओढा गप्प होतो तो एकाच कारणानं. वर कुठेतरी दरड सुटून त्याची वाट अडलेली असते. तोडलेल्या झाडांची मुळं कुजली, माती सुटी झाली. आता त्या ढिगामागे पाणी तुंबत असणार, आणि चिखलाचा बांध किती वेळ तग धरणार?

"नीट ऐक. हसू नकोस. चप्पल घाल, सासूबाईंना उठव… गॅस राहू दे. डाळ जळू दे गं! तो कुठाय?… कुठे?… ओढ्यात? ओढ्यात काय करतोय?"

पाणी कमी झालंय तोवर रस्त्याखालच्या मोरीत अडकलेल्या फांद्या काढून घ्याव्यात म्हणून तो फावडं घेऊन उतरला होता. मोठ्या झाडांचे ओंडके कंत्राटदारानं नेले होते, फांद्या तशाच टाकल्या होत्या.

"हाक मार त्याला. आत्ता… माझं नाव नको घेऊस, मुद्दाम थांबेल… काय म्हणतो? 'दहा मिनिटं'?… दहा मिनिटं नाहीयेत! सांग, आई पडल्या. उठत नाहीत… हो, खोटं बोल. ओरड!"

फोनमधून बहिणीची किंकाळी आली. ती इतकी खरी होती की बाईंचाच हात भिंतीला गेला.

"आला?… धावतोय? शाब्बास… शिव्या नंतर खाईन मी. त्याला म्हण, सासूबाईंना पाठुंगळी घे… रस्त्यानं नको! रस्ता ओढ्याच्या कडेनंच जातो. पुलाकडे तर अजिबात नको. घरामागून आडवे निघा, उजवीकडे, जिथे झाडं उभी आहेत त्या डोंगराच्या धारेवर… हो, चढ आहे. रांगत चढ. फोन बंद करू नकोस, नुसता खिशात टाक."

मग फक्त कापडाची खसखस. धापा. कुणीतरी घसरलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. सासूबाई तावातावानं म्हणत होत्या, "मी कधी पडले?" बाईंना हसू फुटलं आणि तोंडातच विरलं.

कारण तेवढ्यात तो आवाज आला. आधी लांबून, लाकडं एकमेकांवर आपटावीत तसा. मग फोनमध्ये दुसरं काही उरलंच नाही.

"हॅलो?… अगं… हॅलो? बोल काहीतरी… बोल गं, सोन्या…"

आवाज ओसरला. पलीकडे पाऊस ऐकू आला. मग कुणीतरी नाक ओढलं. ते रडणं बहिणीचं नव्हतं.

"कोण?… हो. हो, मीच… हो, ताईच बोलतेय."

वर्षभरात तो पहिल्यांदा ताई म्हणाला होता.

"ती कुठाय?… शेजारी? बोलत का नाही?… बरं, थरथरतेय. आणि सासूबाई?… तिघंही? नक्की?… अंगावर घाला काहीतरी तिच्या… घर?… अख्खं?… बघू नका तिकडे. माझं ऐका, कुणीही खाली उतरायचं नाही. गाय असो, पेटी असो, काही असो. एक लोंढा गेला म्हणजे संपलं नाही, मागून आणखी येतं… झाडांचं आत्ता काढू नका. भांडू आपण, निवांत भांडू. माझ्याकडेच राहायचंय आता तुम्हाला… नाही हो, रागावले नाहीये. घाबरले होते… धारेनं वर सरकत राहा, मी माणसं घेऊन वरून उतरते… हो, दोरही घेते… अहो, मग ठेवा ना फोन! तुम्ही ठेवल्याशिवाय मी निघू कशी?… नाही ठेवत?… बरं. मी ठेवते. बॅटरी जपा."

आणि त्यांनी फोन ठेवला.