बाण पंख्याकडे

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारे मिस्त्री आणि त्यांची मुलगी उभी होती. काउंटरवर तीन ठेचलेले पिस्टन होते.

"नवेकोरे पिस्टन, नव्या स्लीव्ह, आणि चालू करताच इंजिन खलास! कसला माल विकता हो?"

"बघतो, उस्ताद. तुम्ही दाराजवळ खुर्चीवर टेका जरा. ताई, इंजिन कोणी बांधलं?"

"बाबांनीच. दुसऱ्या कोणाला हात लावू देतात का?"

"पिस्टनवरचा हा बाण पंख्याकडे यायला हवा. तिन्ही उलटे बसलेत, म्हणून वॉल्व्ह आदळले."

"हळू बोला, दादा. हल्ली मलासुद्धा आत्याच्या नावाने हाक मारतात."

"यांच्या हाताखाली शिकत होतो, तेव्हा याच बाणापायी माझ्या कानाखाली आवाज काढला होता त्यांनी."

"काय कुजबुज चाललीय तिकडे?"

"माल खराब निघाला, उस्ताद. चूक माझीच. सगळं बदलून देतो."

"म्हणालो नव्हतो? माझा चेला असता, तर चांगली कानाखाली वाजवली असती."

"मग वाजवा ना, उस्ताद."

"छे हो! ओळख ना पाळख, तुमच्यावर कसा हात उचलू?"