मेव्हण्याच्या मालकीचं माझं हसू

...आणि वर मलाच विचारतात, हा फोटो तुमचा कशावरून? अहो, कशावरून म्हणजे? बघा की त्यात! हे नाक बघा, हा मस बघा, समोरचे दोन दात पडलेत ती खिडकी बघा! पण नाही. तुम्हाला सांगतो, चेहरा माझा, दात माझे, नसलेले दातसुद्धा माझेच... पण फोटो माझा नाही!

माझं झेरॉक्सचं दुकान. तीस वर्षं त्या मशीनपाशी उभा आहे, कुणी माझ्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं नाही. आणि परवा एक गिऱ्हाईक कागद द्यायचे सोडून मला न्याहाळत बसलं. म्हणालं, "काका, जरा हसा ना." मी म्हटलं, का? तर मोबाईल पुढे केला. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं इंटरनेटवरचं पान! उजवीकडे एक देखणा तरुण, कसे दात, कसे केस, आणि खाली लिहिलंय 'नंतर'. आणि डावीकडे मी, आ वासून हसतोय. खाली 'आधी'! अहो, दात बसवल्यावर टकलावर केस उगवतात? वय तीस वर्षांनी उतरतं?

घरी आलो तणतणत, तर बायको फोटो बघून म्हणते, "अहो, चांगला आलाय की!" झालं! इकडे माझी अब्रू चाललीय! दुकानात तोंड उघडायची चोरी. कुणी विचारलं, काका, किती प्रती झाल्या, तर मी बोटं दाखवतो! बारा झाल्या की दोनदा दाखवतो!

शेवटी गेलो डॉक्टरकडे. म्हटलं, न विचारता माझा फोटो लावलास? तर तो पठ्ठ्या हातमोजे काढत शांतपणे म्हणतो, "काका, कॉलेजात असताना मी तुमच्याकडून सातशे पानांचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करून घेतलं होतं, आठवतं? पहिल्याच पानावर छापलं होतं, परवानगीशिवाय नक्कल करू नये. तुम्ही त्या पानाचीसुद्धा नक्कल काढलीत."

आठवलं. स्वच्छ आली होती हो ती प्रत!

मग मुलगी म्हणाली, "बाबा, भांडू नका. इंटरनेटवरच्या त्या पानावर तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरा." भरला. नाव, पत्ता, सगळं. पुढे प्रश्न, फोटो कोणी काढला? मी सरळमार्गी माणूस, लिहिलं, मेव्हण्याने. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. कृपया त्यांनीच तक्रार करावी.' म्हणजे चेहरा माझा, दात माझे, आणि हक्क मेव्हण्याचा!

आणि तो मेव्हणा माझ्याशी तीन वर्षं बोलत नाही. का? याच फोटोमुळे! घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायला म्हणून तो स्टुलावर चढला, "हसा सगळे" म्हणाला आणि स्टुलासकट आडवा झाला. पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटोत सगळे घाबरलेत... हसतोय फक्त मी. त्याने तेवढं माझंच तोंड कापून इंटरनेटवर टाकलं, वर लिहिलं 'माणुसकी संपली'. तिथून ते डॉक्टरने उचललं.

गेलो त्याच्या दारी. नाक मुठीत धरून गेलो. तो म्हणाला, "भाऊजी, आधी माफी मागा." मागितली. "मनापासून." आता मनापासून मागायची म्हणजे तो प्रसंग आठवायला लागतो, आणि आठवला की... ओठ घट्ट दाबले, डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, पश्चात्ताप! गहिवरला बिचारा. लगेच त्याने तक्रारीचा फॉर्म भरला. संध्याकाळपर्यंत फोटो गायब! त्या दिवशी मी रस्त्याने उगाचच हसत घरी आलो.

चौथ्या दिवशी दुकानात आवाज, "काका, जरा हसा ना."

परत तोच फोटो! आता दुप्पट मोठा! आणि हनुवटीखाली ठळक अक्षरांत, 'छायाचित्रकाराच्या लेखी परवानगीने. सर्व हक्क राखीव.' डॉक्टरने मेव्हण्याला रीतसर गाठलं, "काय टिपलंय हो तुम्ही!" म्हणाला, आणि आमचा कलावंत विरघळला. सही देऊन मोकळा! आणि ऐका, त्या परवानगीच्या दोन प्रती कुठे काढल्या? माझ्या दुकानात! मीच काढल्या! डॉक्टरकडची मुलगी कागद घेऊन आली होती. पण तीस वर्षांत कुणाचा कागद मी वाचलेला नाही, आमच्या धंद्यात ते पाप समजतात.

आता तक्रार करणार कुठे? सगळं कायदेशीर! चेहरा माझा, दात माझे, आणि परवानगी दुसऱ्यांची... म्हटलं, संपवा एकदाचं. गेलो, त्या खुर्चीत बसलो, दोन दात बसवून घेतले. म्हटलं, डॉक्टर, आता 'नंतर'चा फोटो तरी माझाच लावा, पण बटण मी दाबणार! हक्क माझा राहू दे! तर तो म्हणाला, "काका, फोटोग्राफर ठरलाय." दार उघडलं आणि मेव्हणा आत आला. गळ्यात नवा कॅमेरा. म्हणाला, "हं भाऊजी, हसा."

हसलो. काय करता? नवे कोरे दात, झाकून ठेवू कुठे?