बराकीत एक माणूस जास्त

मी तुरुंगात शिपाई होतो ना, तेव्हाचं सांगतो. संध्याकाळी कैदी मोजले, तर एक जास्त! कमी भरला तर नोकरी जाते; जास्त भरला तर काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. तीनदा मोजलं. शेवटी नावं पुकारली, तर यावलचे सुकाआबा सापडले. ते तुरुंगात स्वयंपाक करायचे. दुपारीच त्यांची सुटका होऊन नाव कमी झालं होतं.

"आबा, गेला का नाहीत?"

"भरीत मी भाजेल शे, भाऊ. जेवीसन जासू."

जेलरसाहेब कडाडले, "इथलं जेवण फक्त कैद्यांना!"

"मंग जेवापुरता परत धरी ल्या ना, साहेब!"

साहेबांनी आबांना फाटकाबाहेर काढलं, आणि मागोमाग माझ्याच हाती भरताचं ताट पाठवलं.