खालच्या बाईची साक्ष

दादा: मगाशी विचारलंस ना, मी गाता गाता मध्येच थांबून फरशीला कान का लावतो म्हणून? मग ये, अशी जवळ सरक. ती खुर्ची सोड, इथे गालिच्यावर बैस. चहा गार झाला तर वहिनी दुसरा देईल. गोष्ट सांगतो.

वहिनी: वहिनी देणार नाही. वहिनीला ही गोष्ट पाठ आहे.

धाकटी: दादा, काल विमानतळावरून येताना तुझ्या तोंडाला खळ नव्हता, पण यातलं अक्षर बोलला नाहीस. मला वाटलं, नळबिळ गळतोय खाली.

दादा: नळ गळता तर परवडलं असतं. ऐक. एक होता गृहस्थ. रूपानं बेताचा, आवाजानं त्याहून बेताचा...

धाकटी: म्हणजे तू.

दादा: आख्यानात मध्ये बोलू नये, धाकटे. तर या गृहस्थाचं पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान होतं. जन्म गेला तांब्याच्या तारेत. नाद एकच, कीर्तनाचा. कुठे कीर्तन आहे म्हणून कानावर आलं की शटर अर्धं खाली.

वहिनी: आणि गिऱ्हाईक पूर्ण बाहेर.

दादा: त्याला एकुलती एक लेक. ती परदेशी गेली, तिथेच लग्न केलं, तिला मुलगी झाली. गृहस्थानं नातीला मांडीवर घेतलं आणि गडी संपला. म्हणाला, आता इथेच राहायचं. तिथलं सरकार म्हणालं, लेक तुमची, देश आमचा. पाहुणे म्हणून या, पाहुणे म्हणून जा.

धाकटी: मग घराचं खूळ कुणी घातलं डोक्यात?

वहिनी: एका एजंटानं. गोड बोलणारा मेला. म्हणाला, परका माणूससुद्धा इथे घर घेऊ शकतो, आणि घर घेणाऱ्याला राहायचा परवाना मिळतो.

दादा: भक्त देवाच्या दाराशी जागा मागतो, यानं नातीच्या गल्लीच्या तोंडाशी मागितली. दुकान विकलं, घर विकलं. एजंट घर दाखवायला घेऊन आला. म्हणाला, समुद्र दिसतो. हा म्हणाला, कुठे? तर न्हाणीघरातल्या खिडकीतून. कमोडच्या झाकणावर उभं राहिलं, मान डावीकडे वळवली, की दोन इमारतींच्या फटीत निळं काहीतरी दिसतं. गृहस्थ चढला, त्यानं पाहिलं, त्याचे डोळे भरून आले.

वहिनी: ती निळी ताडपत्री होती. बांधकामावरची. पुढच्या महिन्यात काढली त्यांनी.

धाकटी: (हसू आवरत) आणि खरेदी?

दादा: खरेदीच्या दिवशी नोटरीबाई सगळा दस्त मोठ्यानं वाचून दाखवते, तिथला नियम आहे. गृहस्थाला भाषेतलं ओ की ठो कळेना. पण पुढ्यात बसून कुणीतरी तालात वाचतंय म्हटल्यावर जन्माची सवय उफाळून आली. हा लागला डोलायला. डोळे मिटून, मान अशी डावी-उजवी, डावी-उजवी. नोटरीबाई थांबली. पुन्हा वाचायला लागली, हा पुन्हा डोलला. ती पुन्हा थांबली. शेवटी वकिलाला म्हणाली, यांना घर नको असेल तर सक्ती नाही.

धाकटी: अगं आई गं.

वहिनी: वन्सं, इकडे तशी मान हलवली की 'नाही' म्हणतात. मी टेबलाखालून पाय दाबला तर हे आणखी रंगात आले. त्यांना वाटलं, मी ठेका धरला.

दादा: असो. घर झालं, परवाना झाला. इथे पूर्वरंग संपला. आता जरा हसू आवर. पुढे गृहस्थाची फजिती आहे.

धाकटी: म्हणजे आतापर्यंत काय होतं?

दादा: ती प्रस्तावना. तर परवान्याची एक अट होती. घर नुसतं घेऊन चालायचं नाही, त्यात राहायला हवं. मुदत संपली की माणूस येऊन बघणार, राहतात की कुलूप आहे. राहत नसाल तर परवाना रद्द, आपल्या देशी जा. गृहस्थ म्हणाला, त्यात काय, राहण्यासाठीच तर घेतलं. आणि राहिला कुठे? लेकीकडे.

धाकटी: का म्हणे?

वहिनी: लेक-जावई दोघं दवाखान्यात. कधी हिची रात्रपाळी, कधी त्याची, कधी दोघांची. पोरीला माझ्या कुशीशिवाय झोप नाही. मग मी तिथे. आणि मी तिथे म्हटल्यावर हे कुठे एकटे राहणार? यांना साधा कुकर लावता येत नाही.

दादा: पण अडचण आली भजनाची. उजाडायच्या आत उठून झांजा घेऊन बसायची याची रीत. लेकीच्या घरी पहिल्याच दिवशी नात दचकून उठली, ती दुपारपर्यंत रडली. जावई भला माणूस. म्हणाला, बाबा, फार छान गाता, फक्त इथे गाऊ नका.

वहिनी: त्यातलं 'फार छान' हे सौजन्य होतं.

दादा: मग गृहस्थानं तोड काढली. पहाटे उठायचं, गल्ली ओलांडून आपल्या घरी यायचं, देवापुढे बसून मनसोक्त गायचं, की कुलूप लावून लेकीकडे चहाला परत. जन्माची पुंजी घालून माणसं बंगले बांधतात. यानं तासाभरासाठी गाण्याची खोली विकत घेतली.

धाकटी: आणि खाली कुणी राहत होतं?

दादा: तीच तर गोष्ट आहे. खाली एक बाई. एकटी, वयानं आपल्या आईएवढी, हातात काठी. पहिल्या दिवशी गृहस्थानं झांज वाजवली आणि खालून उत्तर आलं. ठक, ठक, ठक. छताला काठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठक. जिन्यात भेटली की काठी रोखून काहीतरी बोलायची. याला त्या भाषेतले दोनच शब्द येत. 'माफ करा' आणि 'आभारी आहे'. हा दोन्ही म्हणायचा, ती आणखी चिडायची.

वहिनी: पोलीससुद्धा बोलावले होते तिनं. ते येईपर्यंत यांचं भजन संपलेलं.

धाकटी: तरी गात राहिलास? लाज नाही वाटली?

दादा: वाटली ना. आवाज खाली आणला. पण देवाशी नेम होता, तो कसा मोडायचा? असं चाललं होतं, तोवर मुदत भरली. एका सकाळी भजन संपतंय, तोच दारावर घंटी. सरकारी माणूस. तरणाबांड, चकचकीत बूट, हातात यंत्र. गृहस्थानं लेकीला फोन लावला, म्हणाला, तू मध्ये बोल. साहेबानं फ्रिज उघडला. आत एक लिंबू.

वहिनी: तेसुद्धा लिंबू होतं हे विश्वासानंच मानायचं. वाळून सुपारी झाली होती त्याची.

दादा: कपाट उघडलं, नुसते हँगर. पलंगावर गादी, गादीवर दुकानातला प्लास्टिकचा कागद तसाच. न्हाणीघरात दात घासायचा ब्रश नाही, साबण कोरडा. साहेबानं याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही इथे राहता का?

धाकटी: मग तू काय म्हणालास?

दादा: घाबरला की माणसाला येतं तेवढंच सुचतं. हा म्हणाला, माफ करा. मग म्हणाला, आभारी आहे.

धाकटी: म्हणजे गुन्हा कबूल करून वर आभार मानलेस.

दादा: फोनवर लेक रडकुंडीला आली. बाबा, तुम्ही गप्प बसा म्हणाली. साहेब यंत्रावर टकाटक काहीतरी लिहायला लागला. गृहस्थाच्या डोळ्यापुढे नात उभी राहिली. आताशी कुठे ती याला हाक मारायला लागली होती, तीही अर्धीच. म्हणाला, देवा, सगळं विकून तुझ्या भरवशावर आलो, आणि एका लिंबावर परत पाठवतोस?

वहिनी: मी तिकडे पोरीला भरवत होते. मला कशाचा पत्ता नाही.

दादा: साहेब खाली उतरला. नियमच आहे, शेजाऱ्यांना विचारायचं. गृहस्थ मागोमाग, फोन हातात तसाच चालू. आणि साहेबानं घंटी वाजवली ती नेमकी तिची. गृहस्थ मनात म्हणाला, झालं, आता ही सुटते. बाईनं दार उघडलं. अंगात झगा, केसांत गुंडाळ्या, हातात काठी. साहेबानं विचारलं, वर कोण राहतं? ती म्हणाली, एक बेसूर माणूस.

धाकटी: देवा.

दादा: पुढचं लेकीनं फोनवरून शब्दन् शब्द सांगितलं. साहेब म्हणाला, नक्की राहतो? तिथे तर कुणी राहत असल्याची खूण नाही. बाईनं काठी आपटली. म्हणाली, पोरा, जो माणूस मला रोज उजाडायच्या आत उठवतो, तो इथे नाही असं मला सांगतोस? पाऊस असो, थंडी असो, सुटीचा दिवस असो. घड्याळ चुकेल, हा चुकत नाही. सुराला कच्चा आहे, पण वेळेला पक्का. साहेबाला तरी पटेना. तेव्हा तिनं दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले आणि गायला लागली.

धाकटी: कोण? ती?

दादा: ती. या गृहस्थाचं भजन. शब्द सगळे मोडलेले, पण चाल तीच. दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे, तिथे गृहस्थाचा सूर कायम घसरतो. लहानपणापासून घसरतो.

धाकटी: माहीत आहे. बाबा तिथे तुझा कान धरायचे.

दादा: बरोब्बर त्याच जागी तीही घसरली. चूकसुद्धा तंतोतंत. साहेबानं यंत्र मिटलं. म्हणाला, राहतात.

धाकटी: म्हणजे परवाना...

दादा: टिकला. पण गृहस्थ जिना चढून वर आला आणि त्या प्लास्टिकच्या गादीसमोर बसून राहिला. जी बाई आपल्यावर रोज काठी उगारते, तिनं आपल्यासाठी साक्ष दिली. आणि साक्ष तरी खरी कुठे होती? तिला बिचारीला काय माहीत, हा तासाभराचा पाहुणा. त्याच संध्याकाळी मी गादीवरचा कागद फाडला. हिला म्हटलं, सामान उचल. आज रात्रीपासून आपण तिथे राहायचं. बाईचा शब्द खोटा पडता कामा नये.

वहिनी: मी म्हटलं, आणि पोर? तर म्हणाले, पोरगीही आपल्याकडे झोपेल. ती या घरात पहिल्या रात्री रडली, दुसऱ्या रात्री रडली, तिसऱ्या दिवशी यांच्या झांजा चाटत बसली. आता भजनाशिवाय उठत नाही.

धाकटी: आणि खालची?

दादा: तिच्या उपकारानं लाजून मी अगदी हळू म्हणायला लागलो. ओठातल्या ओठात. तर काठी आणखी जोरात. मी आणखी हळू, काठी आणखी जोरात. एक दिवस पायऱ्या चढून, धापा टाकत वर आली. लेक इथेच होती, तिनं सांगितलं ती काय म्हणते ते. म्हणत होती, अलीकडे तू पुटपुटतोस. मला काही ऐकू येत नाही. उठवायचंच आहे तर नीट उठव.

वहिनी: त्या दिवसापासून काठी तालावर पडायला लागली, वन्सं. आधी मलाही खरं वाटेना. ध्रुपद आलं की बरोबर समेवर ठक.

दादा: एवढ्या वर्षांत मला कुणी साथ केली नव्हती.

धाकटी: मग आज सकाळी का नाही वाजली?

वहिनी: न्हाणीघरात पडली ती. मांडीचं हाड मोडलं. आपल्याच लेकीच्या दवाखान्यात आहे. ऑपरेशन झालं, पण वय झालंय. अजून धड डोळे उघडत नाही म्हणते लेक.

दादा: मी रोज जातो. पलंगाशी बसतो. तिला काय म्हणायचं? शब्द दोनच येतात. माफ करा म्हणतो, आभारी आहे म्हणतो. आणि इथे सकाळी ध्रुपदावर आलो की सवयीनं थांबतो. वाटतं, आता वाजेल.

धाकटी: दादा.

दादा: तू परवा परत जाशील. तिकडे सकाळी देवापुढे बसशील, तेव्हा तिची आठवण काढ.

धाकटी: काढीन. काय नाव सांगू देवाला?

दादा: खालची बाई म्हण. आणि म्हणताना पुटपुटू नकोस. पुटपुटलेलं तिला चालत नाही.